ढिगाऱ्यातले गाव

इटलीच्या ईशान्य टोकाला, ऑस्ट्रियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ताल्यामेन्तो नदीच्या काठी वेन्झोने नावाचे तटबंदीचे गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. तेराव्या शतकातला तट, मधोमध चौक, चौकात पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरी झालेली नगरपालिकेची दगडी इमारत आणि एका कडेला १३३८ मध्ये अभिषेक झालेले संत आन्द्रेयाचे कॅथेड्रल. २०१७ मध्ये इटलीतल्या लोकांनी हे गाव देशातले सर्वांत सुंदर छोटे गाव म्हणून निवडले. सहलीला आलेला माणूस तटाच्या दारातून आत शिरतो, लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या विकत घेतो आणि सहा-सातशे वर्षे हे गाव असेच उभे आहे असे समजून परततो. त्याने पाहिलेल्या बहुतेक भिंती १९७६ नंतर रचलेल्या आहेत.

६ मे १९७६ रोजी रात्री नऊ वाजता फ्रियुली प्रांत हादरला. तीव्रता साडेसहाच्या जवळ होती आणि जमीन जवळजवळ मिनिटभर हलत राहिली. सुमारे ९९० माणसे गेली, त्यांतली चारशेच्या आसपास एकट्या जेमोना गावातली. लाखाहून अधिक लोक बेघर झाले. ४५ गावे जमीनदोस्त झाली, ४० गावांचे जबर नुकसान झाले, आणखी ५२ गावांना कमीअधिक तडाखा बसला. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या ओर्कोलात नावाच्या राक्षसाच्या गोष्टी तिथल्या घराघरांत पूर्वीपासून सांगितल्या जात. त्या रात्रीनंतर लोकांनी भूकंपालाच त्याचे नाव दिले.

या पुस्तकाचा विषय त्या रात्रीनंतरची वीस वर्षे हा आहे. वेन्झोने, जेमोना आणि आसपासची गावे पुन्हा कशी उभी राहिली, कोणी उभी केली, कोणत्या क्रमाने केली आणि त्यात काय हातचे गेले, हे मी सांगणार आहे. त्यातून मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. जुन्या, छोट्या गावाचे भूकंपानंतर काय होणार, हे वास्तुरचनाकाराच्या टेबलावर नकाशा उलगडण्याच्या फार आधी ठरून गेलेले असते. पडलेले दगड कुठे टाकायचे आणि वाचलेली माणसे कुठे ठेवायची, या दोन प्रश्नांची जी उत्तरे पहिल्या काही महिन्यांत दिली जातात, त्यांनीच ते ठरते. ही उत्तरे बहुधा घाईत, थकलेल्या माणसांकडून आणि चांगल्या हेतूने दिली जातात. म्हणूनच त्यांच्याकडे बारकाईने बघायला हवे.

छोट्या जुन्या गावांची गोष्ट शहरांपेक्षा निराळी असते. शहर पडले तर देशाचे लक्ष तिकडे लागते, पैसा येतो, व्यापार त्याला पुन्हा ओढून उभे करतो. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला अशी ओढ लावणारे काही नसते. तिथली तरुण मुले आधीच बाहेर पडू लागलेली असतात. घरे एकमेकांना खेटून, सामाईक भिंतींनी बांधलेली असतात, म्हणून एकट्याने घर बांधून भागत नाही. शेजाऱ्यानेही बांधावे लागते. एका घराचे चार वारस, त्यांतला एक गावात आणि तिघे परदेशी. गल्लीचे वळण का आले, चौकातल्या पायरीवर संध्याकाळी कोण बसायचे, कुठल्या दारातून लग्नाची वरात निघायची, हे कुठल्याच सरकारी दप्तरात नोंदलेले नसते. गाव पाडून सपाट केले की ही सगळी माहिती एका आठवड्यात पुसली जाते आणि ती गेली हे कळायलाही बरीच वर्षे जातात.

भिंतींविषयी थोडे सांगायला हवे, कारण माणसे भूकंपाने मरत नाहीत, भिंतीखाली मरतात. फ्रियुलीतली जुनी घरे नदीतल्या गोट्यांची आणि डोंगरातल्या ओबडधोबड दगडांची होती. भिंत दिसायला हातभर जाड, पण तिचे दोन सुटे पदर असत. बाहेरचा एक, आतला एक आणि मधे बारीक दगड व चुन्याचा भराव. दोन्ही पदरांना जखडून ठेवणारा आरपार लांब दगड क्वचितच घातलेला असे. जमीन आडवी हलली की पदर सुटतात, भराव खाली बसतो आणि बाहेरचा पदर रस्त्यावर कोसळतो. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ इथे नेमके हेच झाले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे अवजड माळवद. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, लोक उशिरा झोपले होते. त्या पहाटे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. फ्रियुलीतला भूकंप किल्लारीपेक्षा काहीसा मोठा होता आणि मृत्यू त्याच्या एक अष्टमांश. वेळेचा यात वाटा असणार. मे महिन्यातल्या उकाड्याच्या रात्री नऊला बरीच माणसे जागी होती. माळवदासारखे ओझे डोक्यावर नव्हते, हेही कारण असणारच.

फ्रियुलीच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. हा प्रांत गवंड्यांचा. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसे गवंडीकाम, फरशीकाम आणि मोझेकच्या कामासाठी जर्मनी, फ्रान्स, कॅनडा, अर्जेंटिना इथे जात आली होती. जिथे गेली तिथे त्यांनी आपली मंडळे स्थापली आणि मंडळांना चुलीचे नाव दिले, कारण फ्रियुलीतल्या घराचे केंद्र म्हणजे मधोमध मांडलेली चूल. भूकंपाची बातमी पोचताच या मंडळांकडून पैसा आला. कितीतरी माणसेही आली, आणि ती माणसे बांधकाम जाणणारी होती. ‘आमचे आम्ही करू’ असे त्या दिवसांत फ्रियुली भाषेत जे वाक्य तोंडोतोंडी झाले, ते पोकळ अभिमानाचे नव्हते. बोलणाऱ्याच्या हातात खरोखर थापी होती.

पहिला उन्हाळा तंबूंत गेला. लोकांचा हट्ट होता की तंबूंतून थेट घरात जायचे, मधे बराकी नकोत. या हट्टामागे एक ताजी आठवण होती. आठच वर्षांपूर्वी, जानेवारी १९६८ मध्ये, सिसिलीतल्या बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला होता आणि तिथली कुटुंबे अजून पत्र्याच्या बराकींतच दिवस काढत होती. फ्रियुलीतल्या प्रत्येक तंबूत बेलिचेचे नाव माहीत होते. तंबूंच्या छावण्यांत सभा भरत, समित्या निवडल्या जात, आणि गावागावांच्या समित्यांचा एक समन्वय उभा राहिला. पाद्री, कामगार संघटना, डावे, उजवे सगळे त्यात होते, आणि त्यांचे आपसात कडाक्याचे वादही होत.

मग सप्टेंबर आला. ११ आणि १५ सप्टेंबरला पुन्हा मोठे धक्के बसले. मे महिन्यात जे तडकून उभे राहिले होते ते आता पडले. उन्हाळाभर ज्यांनी स्वतःच्या हाताने छप्पर दुरुस्त केले होते, त्यांचे छप्पर दुसऱ्यांदा खाली आले. वेन्झोनेच्या कॅथेड्रलच्या भिंती मेमध्ये जखमी होऊनही उभ्या होत्या, त्या सप्टेंबरात ढासळल्या. तोवर लोकांच्या अंगात एक प्रकारची जिद्द होती. ती या दुसऱ्या तडाख्याने मोडली. थंडी तोंडावर होती. सरकारने जुझेप्पे झाम्बेर्लेत्ती यांना पूर्ण अधिकार देऊन विशेष आयुक्त म्हणून पाठवले. पुढे इटलीच्या नागरी संरक्षण व्यवस्थेचे जनक म्हणून त्यांचे नाव झाले. त्यांनी समुद्रकाठची हॉटेले आणि सुटीची घरे ताब्यात घेतली. लिन्यानो, ग्रादो आणि आसपासच्या पर्यटनस्थळी तीस हजारांहून अधिक लोक हिवाळ्यासाठी हलवले गेले.

फ्रियुलीचे पारडे कुठेही झुकू शकले असते असा काळ म्हणजे हा हिवाळा, असे मला वाटते. डोंगरातली माणसे समुद्रकाठच्या रिकाम्या हॉटेलात, मुलांच्या शाळा तिथेच, वडील रोज पहाटे बसने साठ-सत्तर किलोमीटरवरच्या कारखान्यात. गाव रिकामे. रिकाम्या गावात यंत्रे शिरली की त्यांना अडवायला कोणी नसते. हे लोक परत आलेच नसते, तर त्यांना दोष देता आला नसता. ते परतले, कारण परत नेण्याची तारीख त्यांना सुरुवातीलाच सांगितली होती आणि ती बहुतांशी पाळली गेली. दरम्यान गावांशेजारी तात्पुरती घरे उभी राहिली. बराकी नकोत हा हट्ट सोडावा लागला, पण या बराकी गावाच्या शिवेतच होत्या. ज्याला आपले पडके घर रोज दिसते, तो त्याच्याविषयी भांडत राहतो.

क्रमही ठरला होता. आधी कारखाने, मग घरे, मग चर्च. हे वाक्य फ्रियुलीतल्या उदिने शहराचे आर्चबिशप आल्फ्रेदो बात्तिस्ती यांच्या नावावर सांगितले जाते. चर्चच्याच प्रमुखाने आपले मंदिर रांगेत शेवटी उभे करावे, याचे मोल मोठे होते. कारखाना आधी, कारण पगार नसेल तर माणूस निघून जाईल आणि माणूस गेला तर बांधलेल्या घरात राहायला कोणी उरणार नाही. आपल्याकडे पुनर्वसन म्हटले की घर, घर आणि घरच डोळ्यांपुढे येते. फ्रियुलीने रोजगार आधी धरला आणि त्यामुळे घरे भरलेली राहिली.

दुसरा निर्णय रोममध्ये झाला. केंद्र सरकारने पैसा आणि अधिकार प्रादेशिक सरकारकडे सोपवले, आणि प्रादेशिक सरकारने ते पुढे नगराध्यक्षांकडे दिले. ज्याला लोक रस्त्यात गाठून जाब विचारू शकतात त्याच्या सहीने कामे होऊ लागली. १९७७ मध्ये दोन प्रादेशिक कायदे झाले, ३० क्रमांकाचा दुरुस्तीसाठी आणि ६३ क्रमांकाचा पुनर्बांधणीसाठी. दुरुस्तीच्या कायद्यातले आठवे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या घरांना ऐतिहासिक किंवा परिसराच्या दृष्टीने मोल आहे, पण जी एकट्या मालकाच्या आवाक्यात नाहीत, ती मालकाच्या संमतीने सार्वजनिक खर्चातून सांभाळून दुरुस्त करण्याची सोय त्यात होती. वाडा राजाचा किंवा सरदाराचा नाही, साध्या शेतकऱ्याचे कमानीचे दार आहे, तरीही ते गावाच्या ठेव्याचा भाग आहे, असे कायद्याने मान्य केले. त्याच वर्षीच्या ८ ऑगस्टच्या राष्ट्रीय कायद्यात पुनर्बांधणीच्या निधीसोबत उदिनेला विद्यापीठ स्थापण्याची तरतूदही होती. त्यासाठी सव्वा लाख लोकांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. ज्यांच्या डोक्यावर छप्पर नव्हते ते विद्यापीठ मागत होते, कारण शिकायला बाहेर गेलेली मुले परत येत नाहीत हे त्यांना ठाऊक होते.

आता ढिगाऱ्याकडे येतो.

वेन्झोनेला १९६५ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला होता, म्हणजे कागदावर तिथला दगड न्‌ दगड सुरक्षित होता. प्रत्यक्षात मे आणि सप्टेंबरनंतर तिथेही यंत्रे आली. रस्ते मोकळे करायचे होते, लटकत्या भिंती पाडायच्या होत्या, कामावरच्या माणसांच्या जिवाला धोका होता. यातले प्रत्येक कारण खरे होते. पण यंत्राच्या फाळाला पडू घातलेली भिंत आणि वाचवता येण्याजोगी भिंत यांतला फरक कळत नाही, तो कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवावा लागतो. वेन्झोनेत भूकंपाने जेवढे पडले त्यात नंतरच्या पाडापाडीने बरीच भर घातली. हे सांगताना आजही तिथल्या माणसांचा आवाज चढतो.

गावकरी उभे राहिले ते याच मुद्द्यावर. मार्च १९७७ मध्ये नागरिकांची समिती स्थापन झाली आणि गावाने मागणी केली की जुने वेन्झोने होते तिथेच आणि होते तसेच बांधावे. त्या काळात ही मागणी करणे सोपे नव्हते. नवे, रुंद रस्त्यांचे, सुरक्षित गाव मोकळ्या जागेवर लवकर उभे राहिले असते. जाणत्या मंडळींतही अनेकांना जुने जसेच्या तसे बांधणे म्हणजे नाटकाचा पडदा उभारण्यासारखे वाटत होते. गावकऱ्यांनी केलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती. त्यांनी दगड फेकू दिले नाहीत. घडीव चिरे, खिडक्यांच्या चौकटी, कमानींचे तुकडे वेगळे काढले, ढिगाऱ्यातून वेचले, जपून ठेवले. पुढे जे झाले ते सगळे या एका कृतीमुळे शक्य झाले.

कॅथेड्रलची गोष्ट या पुस्तकाच्या मधोमध आहे आणि तिला मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत. तिचे दगड तटाबाहेरच्या मोकळ्या माळावर ओळीने मांडले गेले. हजारो दगड. भिंती बहुतांशी कापीव चिऱ्यांच्या असल्यामुळे एकेका दगडाला स्वतःचा चेहरा होता. एका थरातल्या दगडांची उंची सारखी, म्हणून आधी उंचीनुसार त्यांची विभागणी करता आली. मग भूकंपापूर्वीचे फोटो मिळवून, मोजमापाला लावून, मोठे करून त्यांत भिंतीचा प्रत्येक सांधा शोधला गेला. माळावरच्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, कोपऱ्याची झीज, पावसाचे डाग फोटोतल्या दगडाशी ताडून पाहिले गेले. एक दगड ओळखला की त्याच्या शेजारचा शोधणे किंचित सोपे होई. फ्रान्चेस्को दोल्योनी या वास्तुरचनाकाराचे नाव या कामाशी कायमचे जोडले गेले आहे. सोबत विद्यार्थी होते, स्वयंसेवक होते, गावचे लोक होते.

या कामाला वर्षे लागली. काहींचे म्हणणे होते की अवशेष तसेच जपावेत, काहींना त्या जागी आधुनिक इमारत हवी होती. वाद चालू असताना दगड माळावर पडून होते आणि गावातली घरे एकेक करून उभी राहत होती. प्रत्यक्ष बांधकाम १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि १९९५ मध्ये कॅथेड्रलचे दार पुन्हा उघडले. जिथे मूळ दगड सापडला तिथे तो मूळ जागी गेला. जिथे सापडला नाही तिथे नवा बसवला, पण तो नवा आहे हे जवळ जाऊन पाहणाऱ्याला कळते. आतल्या भित्तिचित्रांचे जे तुकडे वाचले तेवढेच लावले, मधल्या रिकाम्या जागा रंगवून भरल्या नाहीत. मला हा संयम आवडतो. इमारत आपले दुखणे लपवत नाही.

घरांच्या बाबतीत मात्र एवढा काटेकोरपणा नव्हता, आणि वाचकाने हे जाणून पुढे जावे. अनेक घरांच्या दर्शनी भागात जुने दगड आहेत, आत सळईचे काँक्रीट किंवा विटांची नवी भिंत आहे. गल्ल्यांच्या रेषा, घरांची उंची, छपरांचा उतार, दारे-खिडक्यांच्या जागा राखल्या. आतल्या खोल्या आजच्या राहणीच्या आहेत. याला कोणी खोटे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण मी त्यांच्या बाजूचा नाही. जुन्या दोन पदरी भिंती पुन्हा तशाच रचून त्यांत मुलेबाळे झोपवणे हा गुन्हा ठरला असता. गावाचे सातत्य दगडाच्या वयापेक्षा गल्लीच्या रेषेत, सामाईक भिंतीत आणि घरमालकीत जास्त असते. वेन्झोनेत ज्या कुटुंबाचे दार ज्या गल्लीत उघडत होते ते बहुतांशी तिथेच उघडते. यंत्रांनी आधी सगळे साफ केले नसते तर अधिक मूळ भिंती मजबूत करून वाचवता आल्या असत्या, ही हळहळ मात्र राहते.

सात-आठ किलोमीटरवरच्या जेमोनाने वेगळा मार्ग धरला. तिथे वरच्या जुन्या गावातल्या मुख्य रस्त्याची रेषा आणि महत्त्वाच्या इमारती राखल्या, बाकी बऱ्याच घरांना नवे रूप दिले. वस्तीचा भार खालच्या सपाटीकडे सरकला. तिथल्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर चौदाव्या शतकातला संत ख्रिस्तोफरचा प्रचंड पुतळा आहे, तो वाचला. आतले खांब भूकंपाने कलले आणि दुरुस्तीनंतरही कललेलेच ठेवले आहेत. दोन्ही गावे पाहिलेल्या लोकांमध्ये कोणते गाव बरे यावर मतभेद होतात. मला वेन्झोने अधिक भावते, पण जेमोनात रोजच्या बाजाराची वर्दळ जास्त आहे आणि तिला कमी लेखता येणार नाही.

आता बेलिचे. जिबेल्लिना हे डोंगरावरचे गाव १९६८ मध्ये कोसळले आणि त्याच्या जागी सुमारे वीस किलोमीटरवर, महामार्गाजवळच्या सपाटीवर नवे जिबेल्लिना आखले गेले. आखणी दूर बसून झाली. रस्ते रुंद, चौक प्रशस्त, घरे बागांसह सुटी सुटी. नगराध्यक्ष लुदोव्हिको कोर्राओ यांनी मोठ्या उमेदीने देशातल्या नामवंत शिल्पकारांना आणि वास्तुरचनाकारांना बोलावले, आणि गावात आधुनिक कलेचा असा संग्रह उभा राहिला की त्याची तुलना मोठ्या शहरांशी व्हावी. कोर्राओंची तळमळ खरी होती. पण उन्हाने तापलेल्या त्या चौकांत उभे राहायला सावली नाही आणि भरायला माणसे नाहीत. आल्बेर्तो बुर्री या चित्रकाराला नव्या गावासाठी काही करायला सांगितले, तेव्हा त्याने जुन्या जागेवर काम करायचे ठरवले. पडलेल्या गावाचा ढिगारा एकत्र करून त्यावर त्याने पांढऱ्या सिमेंटचे अवाढव्य आच्छादन घातले, सुमारे आठ हेक्टरचे, आणि त्यात जुन्या गल्ल्यांची आठवण देणाऱ्या खोल भेगा ठेवल्या. १९८० च्या दशकात सुरू झालेले हे काम २०१५ मध्ये पुरे झाले. विसाव्या शतकातल्या थोर कलाकृतींत मी त्याची गणना करतो. तिथे चालताना गळा दाटून येतो. पण ते गावाचे थडगे आहे. एका ठिकाणी ढिगाऱ्यातून भिंत उठली, दुसऱ्या ठिकाणी ढिगाऱ्यावर सिमेंट ओतले गेले, आणि या दोन शेवटांमधला फरक कलेचा नसून पहिल्या काही महिन्यांतल्या निर्णयांचा होता.

मराठी वाचकासाठी लिहिताना किल्लारीकडे वळणे भागच आहे. मराठवाड्यात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून कार्यक्रम आखला गेला. जमीनधारणेनुसार कुटुंबाला २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. काम वेगाने झाले, देशभरातून संस्था धावून आल्या, आणि ज्या भीतीने लोक दगडाकडे पाहायला तयार नव्हते ती भीती मी कमी लेखत नाही. ज्याने स्वतःच्या हाताने आपली लेकरे त्या भिंतीखालून काढली त्याला जुन्या जागीच राहा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नव्हता. पण नव्या गावठाणांत सरळ रांगा आल्या, रुंद रस्ते आले, आणि ढेलज, ओसरी, आतला चौक गेला. गुरे बांधायची कुठे, कडबा रचायचा कुठे, असे प्रश्न घर हातात आल्यावर पुढे आले. गुबाळला तर घुमटाची घरे उभी राहिली. भूकंपाला ती भक्कम असतील, पण मराठवाड्यातल्या माणसाला त्यांत कपाट कुठल्या भिंतीला लावावे हे कळेना.

त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग फार कमी बोलला गेला आहे. कमी नुकसान झालेल्या गावांत दीड लाखांहून अधिक घरे मालकांनी स्वतः, जुन्या जागी, सरकारी मदत आणि अभियंत्यांचे मार्गदर्शन घेऊन दुरुस्त केली किंवा मजबूत केली. गावागावांत बायकांना संवाद सहाय्यक म्हणून नेमले गेले. सिमेंट किती आले, सळई कुठे गेली, भिंतीत आरपार दगड बसला की नाही, हे त्या पाहू लागल्या. महाराष्ट्राने फ्रियुलीच्या सर्वांत जवळ जाणारे काम केले ते हेच. त्यावर मराठीत एकही पुरेसे मोठे पुस्तक माझ्या वाचनात नाही, याची मला खंत आहे. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या भुज आणि अंजारसारख्या कोट असलेल्या गावांत जमिनींची फेरआखणी झाली, गल्ल्या रुंद करण्यासाठी प्रत्येकाच्या जागेतला हिस्सा घेतला गेला आणि बरीच कुटुंबे कोटाबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली. भुजचा अनुभव किल्लारी आणि वेन्झोने यांच्या मधला आहे, आणि त्याचा विचार मी शेवटच्या प्रकरणांत केला आहे.

फ्रियुलीची कथा इटलीतही पुन्हा तशी घडली नाही. २००९ मध्ये अब्रुझ्झोतल्या लाक्विलात भूकंपाने ३०९ माणसे गेली, आणि तिथे शहराबाहेर भूकंपरोधक नव्या वसाहती झपाट्याने बांधल्या गेल्या, तर जुने शहर कित्येक वर्षे टेकूंवर, कुलपात उभे राहिले. आमात्रिचे २०१६ मध्ये पडले. तिथला ढिगारा उचलण्यातच दीर्घ काळ गेला. दोन्ही ठिकाणी अधिकार गावापासून लांब होते. फ्रियुलीचे यश प्रांताच्या स्वभावात शोधणारे पुष्कळ आहेत, की तिथली माणसे कष्टाळू आणि मितभाषी आहेत म्हणून जमले. हे मला पटत नाही. अब्रुझ्झोचा मेंढपाळ किंवा सिसिलीचा शेतकरी कमी कष्टाळू नाही. त्यांच्या नगराध्यक्षाच्या हातात पैसा आणि सही नव्हती.

पुस्तकाची शेवटची काही पाने पोर्तिसविषयी आहेत. हे वेन्झोनेच्याच हद्दीतले, दोनेक किलोमीटरवरचे खेडे. त्याच्या माथ्यावरचा डोंगर भूकंपाने खिळखिळा झाला आणि दरडींच्या भीतीने जुन्या जागी बांधायला मनाई झाली. तेव्हा ‘होते तिथेच’ ही मागणी ज्या गावकऱ्यांनी तटाच्या आत जिंकली, त्यांच्याच शेजाऱ्यांना नव्या जागी जावे लागले. नवे पोर्तिस नीट बांधले आहे, लोक तिथे राहतात. जुन्या पोर्तिसच्या पडक्या घरांत आता उदिने विद्यापीठाच्या पुढाकाराने बचाव पथकांना आणि अभियंत्यांना प्रशिक्षण दिले जाते. कुठली भिंत टेकू लावून वाचेल, कुठल्या खोलीत शिरता येईल, पाडायचे ते काय आणि राखायचे ते काय, हे तिथे खऱ्या ढिगाऱ्यात शिकवतात.